आढळलं कुणाला?

चांदा
१४ जून १९५७

प्रिय प्रेमिला,

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मिळालं. "बाई, भाषा तेवढी पाहून द्या" असं तू लिहिलंस, म्हणून पाहिली. लाल पेन्सिल मध्येच झिजून गेली, पुढची पानं निळ्या शाईने खरडली आहेत. रंगावरून रागाचा अंदाज करू नकोस, तो शेवटपर्यंत सारखाच होता.

हे वाक्य कुणाचं? "सदर ग्रामातील धीवर समाजाचे मत्स्योत्पादन नगण्य असल्याचे आढळून येते." आढळून येते म्हणजे कुणाला? कुणी विचारलं, कुणी सांगितलं, कुठे बसून? सबंध प्रकरणात एकही माणूस बोलत नाही, एकही माणूस विचारत नाही, आणि तरी पानोपानी काहीतरी आढळतच असतं.

मुली, तू नथ्थू धीवराची लेक. आमच्या शाळेच्या वसतिगृहात तू राहायचीस तेव्हा दर सुटीनंतर तुझा बाप तुला सोडायला यायचा आणि सुक्या झिंग्यांचं गाठोडं माझ्या स्वयंपाकिणीच्या हाती द्यायचा. आमचं घर शाकाहारी. तो गेला की मी सगळ्या खिडक्या उघडत असे, पण गाठोडं कधी परत केलं नाही; स्वयंपाकीण ते डोळे मिटून घरी न्यायची. त्याच नगण्य मासळीवर तू मॅट्रिक झालीस, बी.ए. झालीस, आता अर्थशास्त्रात एम.ए. करतेस. विद्यापीठाने मराठीतून लिहायची मुभा दिली ती काय असं मराठी लिहायला?

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अगाथा निबंधातल्या प्रत्येक भारी शब्दावर बोट ठेवून विचारायच्या, हा इथे कशाला आला आहे? सांगता आलं तर राहायचा, नाहीतर जायचा. मी मराठी नीट शिकले ती विशी उलटल्यावर. त्यामुळे तिच्या दागिन्यांची मला हौस नाही. प्रबंधात कठीण शब्द नकोतच असं मी म्हणत नाही. भाडेपट्टा म्हणजे भाडेपट्टा, त्याला दुसरा शब्द नाही. पण "नगण्य" इथे कशाला आला आहे, ते मला कळव.

तुझी,
इंदुताई आकुलवार


डोंगरटोला, आरमोरीजवळ
२३ जून १९५७

आदरणीय बाईंना प्रेमिलाचा नमस्कार.

आपले कृपापत्र प्राप्त झाले. हे वाक्य लिहून झाल्यावर तुमची पेन्सिल दिसली. तुमचं पत्र आलं, बाई. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा भागीरथा आत्याने माझं तोंड पाहून विचारलं, "कोन मेलं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एप्रिलमध्ये माझे मार्गदर्शक हरकरे सर स्वतः पाहणीला आले होते. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसले. छापील प्रश्नपत्रक होतं. घराघरातून एकेक माणूस बोलावला. पहिले बाबा.

"दररोज किती मासळी मिळते?"

"काईच नाई जी."

"काहीच नाही? मग जाळं कशाला टाकता?"

"सवय हाय."

मग लटारूभाऊ आले. ते आमच्या धीवरांच्या सहकारी संस्थेचे प्रमुख, त्यांना तरी माहीत असेल म्हणून सरांनी आशेने विचारलं. "पानीच हाय साहेब निस्तं," ते म्हणाले. सगळ्या घरांनी हेच सांगितलं. सर शून्य लिहीत गेले. लिहिताना त्यांना वाईट वाटत होतं, खोटं नाही सांगत. जाताना म्हणाले, "हे लोक जगतात तरी कसे?"

आमच्यात पाण्यातून आलेलं तोंडाने मोजत नाहीत, बाई. पाण्याला ऐकू जातं आणि ते हात आखडतं. डोक्यावर भरलेलं टोपलं असलं आणि त्यातून पाणी गळत असलं तरी विचारणाऱ्याला "काईच नाई" असंच सांगायचं. विचारणारा गावचा असला तर हसतो आणि टोपल्यात पाहतो. सरांनी कागदात पाहिलं.

मी हे सरांना नंतर नागपूरला सांगितलं. ते म्हणाले, "तू त्याच समाजाची आहेस, म्हणून तुझं माहीत असणं हा पुरावा होत नाही. आणि 'मी' आला की प्रबंधाचं आत्मचरित्र होतं." त्यांचंही चूक नाही. शास्त्रीय लेखनाची एक रीत असते.

बाकी इकडे धानाच्या रोवणीची तयारी चालू आहे. बाबा बरे आहेत.

आपली,
प्रेमिला


चांदा
२९ जून १९५७

प्रेमिला,

आता मला सगळं कळलं. सर खुर्चीवर बसले होते, शून्य मांडत होते, आणि तू शेजारी गप्प उभी होतीस. नंतर नागपूरला सांगितलंस म्हणे. पाळीवर का नाही बोललीस? मी सांगते का. शहरातल्या सरांपुढे तुला बापाच्या समजुतीची लाज वाटली. शिकलेल्या मुलींना हा आजार होतो, मी तो शाळेत तीस वर्षं पाहिला. आधी घरची बोली जाते, मग घरचे लोक जातात, मग उरतं ते "आढळून येते".

रीत असते म्हणे. रीत वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असते. लिहिणाऱ्याने मागे लपावं म्हणून नसते. "मी विचारलं, त्यांनी असं सांगितलं, मला ते खरं वाटलं नाही, कारण अमुक" हे चार तुकडे कुठल्याही शास्त्रात बसतात. न बसलं तर ते शास्त्र नव्हे, दरबार आहे.

आणि तुझ्या बापाचंही काही मला पटत नाही. पाण्याला कान नसतात. त्याला समोर बसव, सरळ प्रश्न विचार, सरळ उत्तर घे. एकदा खरं बोलल्याने तलाव आटणार नाही. आकडा घे, लिही, आणि नवीन प्रकरण मला पाठव.

इंदुताई


डोंगरटोला
२१ जुलै १९५७

आदरणीय बाई,

पत्राला उशीर झाला. वैनगंगेला पूर होता, डाक अडली. पण खरं कारण ते नाही.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. बाबा जाळं विणत बसले होते. मी वही घेऊन समोर बसले आणि विचारलं, "बाबा, आपलं दैनंदिन उत्पादन साधारण किती?"

बाबांनी हातातली सुई थांबवली. आत्या आतून म्हणाली, "नथ्थू, पोट्टी सायबासारखी इचारून राह्यली. खुर्ची दे तिले."

मी म्हटलं, आत्या, मस्करी नको, खरं सांगणं जरूर आहे. बाबा म्हणाले, "तुले मालूम नाई का?" मी म्हटलं, तुमच्या तोंडून पाहिजे. ते उठले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच, "त्या मानसाले मालूम नव्हतं. तुले तर हाये. मंग तू काऊन इचारतेस?"

याचं उत्तर तुम्हाला देता येईल का, बाई? मला लाज वाटते असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला राग आला, अजून आहे. पाळीवर मी गप्प राहिले, कारण बाबा बोलत असताना मध्ये आकडा सांगणं म्हणजे सगळ्या गावासमोर त्यांचं बोलणं मोडणं होतं. त्यात लाज नव्हती.

लाजेची गोष्ट वेगळी आहे. ती आता सांगावी लागते.

मालगुजारी गेल्यावर मालगुजाराच्या ताब्यातला आमचा तलाव सरकारजमा झाला, हे तुम्हाला माहीत आहे. संस्थेने मासेमारीचा पट्टा मागितला आहे. दुसरा अर्ज एका ठेकेदाराचा आहे, बाहेरचा. मागच्या आठवड्यात लटारूभाऊ गडचिरोलीला कचेरीत गेले, तर साहेबांनी त्यांना एक कागद दाखवला. म्हणाले, नागपूरच्या विद्वानांचं टिपण आहे, यात स्पष्ट आहे की तुम्हाला मासळी मिळतच नाही. ज्यांना तलावातून काही काढता येत नाही त्यांना तलाव देऊन काय करू?

टिपण हरकरे सरांनीच पाठवलं होतं. चांगल्या हेतूने. हे लोक इतके गरीब आहेत, काहीतरी मदत करा, असं त्यांना म्हणायचं होतं. त्यात ते वाक्य आहे. सदर ग्रामातील धीवर समाजाचे.

ते वाक्य सरांचं नाही. सरांनी कच्च्या टिपणात "मासे मिळत नाहीत" एवढंच लिहिलं होतं. पक्कं करायला माझ्याकडे दिलं. "नगण्य" मी घातला. "आढळून येते" मी घातलं. नगण्य इथे कशाला आला, असं तुम्ही विचारलंत. मला तो आवडला होता, बाई. कानाला बरा लागला. वाक्य एकदम एम.ए. झाल्यासारखं दिसायला लागलं.

सुनावणी बारा ऑगस्टला आहे. साहेबांनी बाबांना आणि लटारूभाऊंना बोलावलं आहे. दोघंही "काईच नाई" सांगतील. मी काय करू?

प्रेमिला


चांदा
२७ जुलै १९५७

प्रिय प्रेमिला,

लाजेबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. बापाला समोर बसवून विचार, हेही चूक होतं. हे एकदाच लिहिते आहे, पुन्हा पुन्हा वाचू नकोस.

सुनावणीला मी येणार होते. मोटारीत जागाही सांगून ठेवली. पण व्याहाडच्या पुढे नदी उतरू देत नाहीत, आणि डोंग्यात बसायला माझे गुडघे तयार नाहीत. शिवाय मी तिथे येऊन काय केलं असतं? साहेबांना झापलं असतं. तुमचा पट्टा गेला असता.

तुझ्यासाठी भाषण लिहून पाठवायचा मोह झाला होता. दोन पानं लिहिलीही. वाचून पाहिली तर ती चांद्याच्या म्हाताऱ्या मुख्याध्यापिकेची होती, डोंगरटोल्याची नव्हती. फाडली.

एवढंच सांगते. साहेब पुण्याकडचे आहेत असं ऐकते, नवीन राज्यात नुकतेच बदलून आलेले. त्यांना "मले-तुले" कळायला वेळ लागेल, म्हणून त्यांच्यापुढे पुस्तकी बोलायची तुला इच्छा होईल. बोल, पण साधं. आणि बापाशी बोलताना त्याच्याच बोलीत बोल, साहेबांसमोरसुद्धा. एका खोलीत दोन भाषा बोलाव्या लागल्या तर लाजायचं नाही, ते तुझं भांडवल आहे. काय विचारायचं ते मला माहीत नाही. ते तुलाच माहीत असणार.

वाक्य तुझं आहे हे तिथे सांगणार का? सांगितलंस तर हरकरे बिघडतील. तुझी पदवी त्यांच्या सहीवर आहे. हा हिशेब तू केला असशीलच.

इंदुताई


डोंगरटोला
१९ ऑगस्ट १९५७

आदरणीय बाई,

सुनावणी झाली.

साहेब वाईट नाहीत. सगळ्यांना बसायला सांगितलं. बाबा उभेच राहिले. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला रोज मासळी किती मिळते?" बाबा म्हणाले, "काईच नाई जी." साहेबांनी टिपणावर बोट ठेवलं आणि कारकुनाकडे पाहिलं. ठेकेदाराचा माणूस मागे बसून सुपारी कातरत होता, तो थांबला आणि हसला.

मी बोलायची परवानगी मागितली. म्हटलं, "साहेब, टिपणातलं हे वाक्य मी लिहिलं आहे. ते चूक आहे. हे लोक मासळीचा आकडा तोंडाने सांगत नाहीत, तशी आमची रीत आहे. हे मला माहीत होतं, तरी मी लिहिलं."

साहेब म्हणाले, "मग आकडा मिळायचा कसा?"

"मी त्यांना दुसरं काही विचारू का?"

ते म्हणाले, विचारा. मी बाबांकडे वळले. त्यांच्याशी मी महिनाभर नीट बोलले नव्हते.

"बाबा, आरमोरीच्या बजारात आपल्या गावच्या किती बाया बसतेत?"

"बसतेत दहा-बारा. भागीरथा, कलाबाई, सुगंधाबाई, सारेच."

"जाताना टोपले डोक्यावर नेतेत का हातात धरून?"

"डोक्यावर. जड रायते ना."

कारकून हसला. साहेबांनी त्याला हाताने गप्प केलं, आणि स्वतः पुढे वाकले.

"येताना का आनतेत?"

"तांदूर. तेल, मीठ. पोरायले लाह्या. आन भागीरथा तंबाखू आनते, सांगत नाई पन आनते."

"बजाराच्या दिवशी वापस येताना टोपल्यात काई उरते का?"

"नाई उरत. दुपारीच सपते."

साहेब खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "म्हणजे मासळी मिळते."

बाबा म्हणाले, "मी तसं म्हनलो नाई."

सगळी कचेरी हसली. साहेबही हसले. बाबा हसले नाहीत, पण बाहेर आल्यावर त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली आणि मोटारीपर्यंत नेली.

निकाल तिथे दिला नाही. पण पुढच्या बाजाराला साहेब आरमोरीत दिसले. कुणाला काही विचारलं नाही. बायांच्या रांगेपुढून हळूहळू चालत गेले आणि प्रत्येक टोपल्यात वाकून पाहिलं. आत्या म्हणते, "मानूस शिकला."

आता दुसरं. हरकरे सरांचं पत्र आलं आहे. कचेरीतलं त्यांच्या कानावर गेलं. प्रबंध आहे तसा द्यावा, अन्यथा त्यांच्या मार्गदर्शनाचा आग्रह धरू नये, असं लिहिलं आहे. मी तिसरं प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे, सही मिळो न मिळो. चार बाजार आत्याबरोबर रांगेत बसणार आहे आणि टोपली पाहून लिहिणार आहे. लिहू का, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिव. कागदाले बोलता येत नाई."

प्रेमिला


चांदा
४ नोव्हेंबर १९५७

प्रिय प्रेमिला,

नवीन प्रकरण वाचलं. आधी चांगलं सांगते, कारण माझ्याकडून ते क्वचित येतं. सुरुवात उत्तम आहे. "डोंगरटोल्याच्या धीवरांना मासळी किती मिळते असा प्रश्न आम्ही एप्रिलमध्ये विचारला. सगळ्यांनी 'काहीच नाही' असे उत्तर दिले. हे उत्तर खरे नाही, आणि ते खोटेही नाही. या प्रकरणात त्याचा अर्थ लावला आहे." यात एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही.

आता पुढचं. पाचव्या पानापासून तुझा "मी" सुटला आहे. मी रांगेत बसले, मला वाटले, माझ्या मनात आले, मी गहिवरले. गहिवरायचं असेल तर घरी गहिवर. कुणी विचारलं, कुणी पाहिलं, एवढं सांगायला उभी राहा आणि मग बाजूला हो. वाचणाऱ्याला तलाव दिसायला हवा, तुझी पाठ नको. आधी लपत होतीस, आता वाटेत उभी आहेस. दोन्हीत तलाव दिसत नाही.

आणि भागीरथाबाईंच्या बोलण्याचं तू पुस्तकी मराठी केलं आहेस. "मी तंबाखू क्वचितच खरेदी करते." त्या असं म्हणाल्या? त्यांचं वाक्य त्यांना परत दे. अर्थ खाली टिपेत लिही.

हरकऱ्यांना मी पत्र लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, हवं तर रागव. शिव्या दिल्या नाहीत, तीन मसुदे त्याच काढण्यात गेले. शेवटी एवढंच विचारलं की तुमच्या विद्यार्थिनीने चूक सापडल्यावर ती दुरुस्त केली, यात तुमचं नेमकं काय दुखावलं? त्यांचं उत्तर आलं. सभ्य माणूस आहे. सही करतो म्हणतात. पण सोबत आपला वेगळा अभिप्राय जोडणार की प्रबंधाची भाषा शास्त्रीय लेखनाच्या रीतीला धरून नाही. म्हणजे परीक्षकांच्या हातात आधीच काठी देऊन ठेवणार.

ती काठी पाठीत बसेल हे धरूनच जा. वाक्यं मात्र बदलू नकोस.

इंदुताई


नागपूर
२६ मार्च १९५८

आदरणीय बाई,

तलाव मिळाला. संस्थेला तीन वर्षांचा पट्टा. ही बातमी मला लटारूभाऊंच्या कार्डाने परवा कळली, आणि काल तोंडी परीक्षा झाली, म्हणून दोन्ही एकाच पत्रात.

बाहेरचे परीक्षक उंच, वयस्कर, बोलायला हळू. हरकरे सर त्यांच्या बाजूला बसले होते. परीक्षकांनी आधी सरांचा अभिप्राय वाचला, मोठ्याने, सगळा. मग म्हणाले, "तुमच्या प्रबंधात बायकांची नावं आहेत. अर्थशास्त्राच्या प्रबंधात मी भागीरथा आणि कलाबाई प्रथमच पाहतो. याची गरज काय?"

मी म्हटलं, "उद्या कुणाला माझ्यावर शंका आली तर त्याला आरमोरीला जाऊन त्यांच्याच टोपल्यात पाहता यावं, म्हणून."

"आणि ही बोली?"

"त्या तशा बोलल्या. मी बदललं असतं तर ते माझं झालं असतं. अर्थ खाली टिपेत आहे."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. अर्धा तास भाडेपट्ट्यावर विचारलं, मालगुजारीवर विचारलं. दोन ठिकाणी मी अडले आणि माहीत नाही असं सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"आता थोडक्यात सांगा. डोंगरटोल्याच्या तलावातून वर्षाला मासळी किती निघते?"

मी म्हटलं, "पान एकाहत्तर, सर."

"पानावर असेल. मी तोंडी विचारतो आहे. ही तोंडी परीक्षा आहे."

"तोंडी मला सांगता येणार नाही. आकडा तपासलेला आहे, त्याची जबाबदारी माझी. पण मी धीवराची मुलगी आहे. तोंडाने मोजणार नाही."

बाई, बोलून गेले आणि वाटलं, संपलं. दोन वर्षं गेली. परीक्षकांनी चष्मा टेबलावर ठेवला. तुम्ही असता तर तुम्हीही रागावला असता, पाण्याला कान नसतात म्हणाला असता.

मग हरकरे सरांनी हात लांब केला. परीक्षकांच्या पुढ्यातला प्रबंध ओढला, पानं उलटली, एकाहत्तरावं पान उघडलं आणि पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

परीक्षकांनी चष्मा लावला. आकड्यावर बोट ठेवलं. वाचायला त्यांचे ओठ उघडले, मग त्यांनी मान वर करून मला पाहिलं, आणि ओठ मिटून तो मनातच वाचला.

आपली,
प्रेमिला